कट्टा, फळी आणि हृदयाचे चित्र



डॉक्टरांच्या विषयावर युनियनवाल्याने बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात. पण या विषयाकडे मला पुस्तकाने नेले नाही. भंडारा जिल्ह्यातील एका राईस मिलवर आमचा एक हमाल होता. पाठीवर कट्टा घेऊन फळी चढला की त्याची छाती आवळे. कट्टा उतरविला की कळ थांबे. एका दवाखान्यात त्याला निजवून ईसीजी काढला. पट्टी स्वच्छ निघाली. "वायू आहे," म्हणाले. आठवड्याने तो थप्पीपाशीच कोसळला.

पुष्कळ दिवस मी रागात होतो. मग वाचू लागलो. विसाव्यात हृदयाला थोडे रक्त पुरते. धमनी अरुंद झाली आहे हे पुष्कळदा ओझे पडल्यावरच उघड होते. ज्याला कळ चढावर येते, त्याची तपासणी खाटेवर संपवायची कशी?

शरीरात नळी न घालता हृदय पाहण्याचे मार्ग आज आहेत. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर हे डॉक्टर व हर्ट्झ हे पदार्थविज्ञानी यांनी ध्वनिलहरींनी हृदय न्याहाळले. आरंभीच्या प्रयोगाचे यंत्र त्यांनी मालमोच्या जहाज-कारखान्यातून शनिवार-रविवारपुरते मागून आणले होते. धातूतील भेगा शोधण्याचे ते यंत्र! कारखान्यातल्या माणसाने हे लक्षात ठेवावे.

ही इको-तपासणी रोग्याला चालवून, किंवा औषधाने हृदयाची गती वाढवून केली, तर रक्त कमी पडणारा भाग नीट हलत नाही. कोणी त्याला कामचुकार म्हणेल. मी म्हणणार नाही, त्याचा शिधा तुटलेला असतो. सीटी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेत आयोडीनयुक्त द्रव्य सोडून क्ष-किरणांनी धमनीच पाहतात. मूत्रपिंड अशक्त असल्यास मात्र ते आधी सांगावे.

स्कॉटलंडात छातीदुखीचे ४१४६ रोगी घेतले. निम्म्यांना नेहमीची तपासणी, निम्म्यांना त्याशिवाय सीटी. २०१८ साली पाच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. हृदयधमनीच्या रोगाने मृत्यू किंवा झटका पहिल्या गटात शेकडा ३.९, दुसऱ्यात २.३. शस्त्रक्रिया दोहोंकडे जवळजवळ सारख्याच! चित्र पाहून योग्य गोळ्या अधिक जणांना सुरू झाल्या, एवढाच मुख्य फरक.

बसल्याजागी कळ येऊन घाम फुटला, तर सरळ रुग्णालय गाठावे. एरवी आमचा हमाल डॉक्टरांपुढे संकोचतो, "छातीत दुखते" एवढेच म्हणतो. म्हणून हल्ली मी त्याच्या चिठ्ठीवर स्वतः लिहून देतो: "कळ कट्टा घेऊन चढताना येते, उतरविल्यावर थांबते."