टोलचा आकडा आणि लोकांचा रस्ता



शहरात टोलरस्ता बांधण्यापूर्वी कागदावर एक आकडा जन्माला येतो : रोज किती वाहने येतील? दहा मिनिटे वाचविण्यासाठी माणूस किती पैसे मोजील, हे गृहीत धरून तो काढला जातो. या आकड्यावरच बँका कर्ज देतात आणि सरकार करार करते.

सिडनीचा क्रॉस सिटी बोगदा ऑगस्ट २००५ मध्ये खुला झाला. रोज सुमारे ९०,००० वाहनांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे ३०,००० आली. डिसेंबर २००६ मध्ये कंपनी धनकोंनी नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती गेली.

भांडवलदारांचे नुकसान हा आपल्या चिंतेचा विषय नाही. चिंतेची बाब वेगळीच आहे. बोगद्याबरोबर वरचे विनाशुल्क रस्ते अरुंद करण्यात आले, काही वाटा बंद झाल्या. बस आणि पादचारी यांच्यासाठी हे आहे, असे सांगण्यात आले. पण त्यामुळे वाहने टोलकडेच ढकलली जात होती. लोक खवळले, तेव्हा २००६ मध्ये सरकारला काही बदल मागे घ्यावे लागले.

कोल्हापूरकरांनी एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली टोल हटविला, पण तो रस्ते झाल्यानंतर. यापुढे लढा करारावर सही होण्यापूर्वीच उभारला पाहिजे. वाहतुकीच्या अंदाजामागची गृहीतके मराठीत जाहीर करा. विनाशुल्क रस्ता आणि बस यांना हात लावू नका, ही आपली मागणी असली पाहिजे. चुकलेल्या आकड्याची किंमत जनतेने का मोजावी?