कलोसियम बघून आलेले महाराज

कांजूरमार्गला लोकल पकडून ऐकत असाल, तर भांडुप यायच्या आत हा भाग संपेल. आज आपण रोमहून कोल्हापूरला जाणार आहोत.

इसवी सन 80 मध्ये सम्राट टायटसनं कलोसियम सुरू केलं, तेव्हा 100 दिवस खेळ चालले. डिओ नावाचा इतिहासकार लिहितो की 9000 जनावरं मारली गेली. आकडा फुगवलेला असेलही, पण दिवसाचं वेळापत्रक ठरलेलं असायचं. सकाळी जनावरांच्या शिकारी, दुपारी गुन्हेगारांना मृत्युदंड, मग ग्लॅडिएटर. हे बहुतेक गुलाम नाहीतर युद्धकैदी. सिनेमात दाखवतात तसं दर लढतीत कुणी मरायचंच असं नाही हं. एकेकाला तयार करण्यात मालकाचा बक्कळ पैसा गुंतलेला असायचा.

1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज इंग्लंडला गेले. त्याच दौऱ्यात त्यांनी रोममध्ये कलोसियम पाहिलं. आणि 1912 मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान सुरू झालं! मधोमध तांबड्या मातीचा हौदा, भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे पार मागं बसलेल्यालाही डाव नीट दिसतो. महाराजांनी डिझाइन उचललं आणि आतला खेळ बदलला. इथं पैलवानाला राजाश्रय, खुराक. हरलेला माती झटकून घरी जायचा.

पण थांबा. त्याच कोल्हापुरात साठमारीही चालायची. मदात आलेला हत्ती दगडी रिंगणात सोडायचा, साठमारांनी त्याला डिवचायचं, आणि तो अंगावर आला की अरुंद दारातून निसटायचं. बडोद्याला गायकवाडांकडेही हा खेळ होता. लोक म्हणतात, हत्तीला ठार तर करत नव्हते ना, मग रोमपेक्षा बरंच की. असेल. मला मात्र ते दार खटकतं. ते माणसाच्या मापाचं होतं. हत्तीला त्यातून निसटायची सोय नव्हती. आणि हे त्या राजाच्या राज्यात, ज्यानं 1902 मध्येच मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या.

कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं दर्शन झालं की खासबाग बघा, जवळच आहे. अगदी वरच्या पायरीवर बसा. मग साठमारी कुठं ते विचारा, त्या नावाचा भाग आजही आहे. चला, भेटू पुढच्या भागात.