दुखत नसतानाची भेट

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



 काही दुखत नसताना दंतवैद्याकडे जावं, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. पण गेल्यावर त्या पंधरा-वीस मिनिटांचं सोनं कसं करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

बहुतेक माणसं आम्हा दंतवैद्यांकडे येतात ती रात्रभर दाढेखाली लवंग धरून, गालावर हात ठेवून. दुखलं की जाऊ, हा आपला हिशेब. तो का चुकतो, ते दाताच्या रचनेत दिसतं. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज आणि त्यात एकही मज्जातंतू नाही. कीड या कवचात महिनोन् महिने राहिली तरी कळ येत नाही. ती आतल्या डेंटिनमध्ये शिरली की गार आणि गोड झोंबू लागतं. नसेपर्यंत पोचली की झोप उडते. पहिल्या पायरीवर फ्लोराइड आणि नीट स्वच्छता यांनी कीड थोपवता येते, दुसरीवर फिलिंग करावं लागतं, तिसरीवर रूट कॅनाल किंवा दाढ काढणं एवढेच मार्ग उरतात. हिरड्यांचा आजार तर याहून मुका. दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं आणि दात हलू लागेपर्यंत बहुधा काही दुखतच नाही. म्हणजे वेदनेची वाट पाहणारा माणूस पहिल्या दोन पायऱ्या स्वतःहून सोडून देतो.

माझं सांगणं एवढंच, की तपासणी डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून करायची असते. तोंडातलं मला दिसतं, पण त्या तोंडामागचं आयुष्य तुम्हालाच ठाऊक असतं. तुम्ही गप्प राहिलात तर माझी तपासणी अर्धीच होते.

म्हणून तयारी घरापासून करा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून आणा. ‘दाताचा आणि बीपीचा काय संबंध?’ असं पुष्कळजण विचारतात. संबंध आहे. रक्तदाबाच्या आणि फिटच्या काही गोळ्यांनी हिरड्या सुजतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्याआधी मला ते कळायलाच हवं. मात्र ती गोळी आपल्या मनाने बंद करून येऊ नका, त्यात जिवाला धोका असतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काहींना वर्षातून एकदा इंजेक्शन देतात. त्यानंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. हृदयात कृत्रिम झडप असेल तर काही उपचारांआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट आणा. वाढलेल्या साखरेने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. आणि गरोदर असाल तर ते आधी सांगा. त्या काळात हिरड्यांतून रक्त येण्याचं प्रमाण वाढतं, आणि त्यावरच्या उपचारासाठी बाळंतपणापर्यंत थांबण्याची गरज नसते.

खुर्चीत बसल्यावर दातांपाठोपाठ हिरड्या तपासून घ्या. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली आम्ही खुणा असलेल्या बारीक सळईने मोजतो. साधारण तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून खोल असेल तर लक्ष घालावं लागतं. ‘माझे आकडे किती?’ हे खुशाल विचारा. दातावर किटण चढलं असेल तर स्केलिंग सुचवलं जाईल. स्केलिंगने दात सैल होतात, हा समज घरोघरी आहे. खरं तर हिरडी आणि हाड आधीच मागे सरलेलं असतं, किटणाने ती जागा भरलेली असते. ते निघालं की फट उघडी पडते आणि दोष स्केलिंगवर येतो. दोन दातांमधली कीड आरशात दिसत नाही, त्यासाठी एक्स-रे लागू शकतो. एका छोट्या एक्स-रेतून मिळणारी किरणं आपल्याला निसर्गातून साधारण एका दिवसात मिळतात तेवढीच. तरीही तो कशासाठी काढायचा, हे विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. जीभ, जिभेखालची जागा, गालांची आतली बाजू, टाळू हे सगळं पाहून घ्या. आपल्या देशात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग अगदी वरच्या क्रमांकांत आहे आणि त्याची मुख्य कारणं आपल्या खिशात असतात: तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली. सवय मात्र बंदीने सुटत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून एक मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांची तोंडं फक्त डोळ्यांनी तपासत. 2005 मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या भागांत सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. उजेड, शिकलेले डोळे आणि उघडलेलं तोंड, एवढ्यावर माणसं वाचली! म्हणून सवय लपवू नका. मी तुमचा न्याय करायला बसलेलो नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तिखट सोसेनासं होणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही असेल तर स्वतःहून सांगा.

मुलांना सुट्टी लागली आहे, म्हणून त्यांच्याविषयीही सांगतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. ‘पडेलच, कशाला भरायची?’ म्हणून ती किडू दिली जाते. ती कायमची दाढ असते, आयुष्यभर चावायची. तिच्या खाचा वेळेवर बुजवल्या तर कीड टाळता येते. या सुट्टीत तेवढं पाहून घ्या.

उठण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पहिला: माझा ब्रश कुठे पोचत नाही? शक्य असेल तर स्वतःचा ब्रश आणा आणि करून दाखवा. पाच मिनिटांत हात सुधारतो. दुसरा: यातलं आत्ता काय करायलाच हवं, आणि कशासाठी थांबून पाहता येईल? उत्तर लिहून घ्या, खर्चासह. मनाची खात्री होत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही. तिसरा: मी पुन्हा कधी येऊ? सहा महिने हा सगळ्यांना लागू पडणारा नियम नाही. ब्रिटनमधल्या 2004 च्या मार्गदर्शक सूचनांनी मोठ्यांसाठी हे अंतर धोक्यानुसार तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत ठरवायला सांगितलं, लहानांसाठी जास्तीत जास्त एक वर्ष. मधुमेही, तंबाखू खाणारे, वरचेवर कीड लागणारे यांनी लवकर यावं. तोंड निरोगी असलेल्याने वर्षाने आलं तरी चालतं.

पैशांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय 1933 पासून आहे. तिथे अल्प दरात तपासणी होते. रांगेत वेळ जातो, पण शिकणारा विद्यार्थी आणि त्याच्यामागे उभे असलेले शिक्षक, असे दोघे तुमचं तोंड पाहतात.

शेवटी एक मागणं. आपल्या घरातून तपासणीला कोण कधीच जात नाही, याचा विचार करा. पुष्कळ घरांत ती आजी असते. वर्षानुवर्षं मशेरी लावलेली, आता कवळी वापरणारी. ‘मला दातच नाहीत, मी कशाला येऊ?’ असं ती म्हणेल. दात गेले तरी जीभ, गाल आणि हिरड्या आहेत, आणि मशेरीने त्यांचंही नुकसान केलेलं असू शकतं. मुलांना नेताना तिलाही न्या, आणि डॉक्टरांना कवळी काढून आत पाहायला सांगा. आपल्यापैकी प्रत्येकाने या महिन्यात अशा एका माणसाला नेलं, तर आजच्या बोलण्याचं सार्थक झालं असं मी समजेन.