या पावसाळ्यात वाचलेली तीन पुस्तकं

आज गटाच्या वह्या, हप्ते बाजूला ठेवू आणि पुस्तकांबद्दल बोलू. या पावसाळ्यात वाचनालयातून मी तीन पुस्तकं आणली. तिन्ही वेगळ्या तऱ्हेची आहेत.

पहिलं आत्मचरित्र, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागानं प्रसिद्ध झालं. त्यांचे पती कवी ना. वा. टिळक. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नवरा असून लक्ष्मीबाई एकट्या पडल्या. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग आपल्या मनानं त्यांच्याकडे परत गेल्या. एवढं सोसलं, पण पुस्तकात रडगाणं नाही. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, तेही त्या हसवत सांगतात. पुस्तक जाड आहे, म्हणून घाबरू नका. रोज चार पानं वाचली तरी गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं.

दुसरी कादंबरी, सदानंद देशमुख यांची 'बारोमास'. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विदर्भातलं शेतकरी घर, शिकून नोकरी नसलेला एकनाथ आणि त्याची बायको अलका. नापिकी, कर्ज आणि त्यातून घरात होणारी धुसफूस. वाचताना जीव जड होतो. अलकाला नावं ठेवणं सोपं आहे, पण मला तिचीही बाजू दिसली. नोकरीसाठी पैसे मोजावे लागतात, हे दुखणं आपल्याकडेही आहेच. गटात कर्जाच्या अर्जावर म्हैस लिहिलेली असते आणि पैसा जातो मुलाच्या नोकरीच्या आशेला. म्हशीचं दूध तरी निघतं. या पैशाची पावतीसुद्धा मिळत नाही. हप्ते मात्र आईच्या नावावर राहतात. कर्ज मंजूर करण्याआधी हे उघडपणे बोलायला हवं. त्यासाठी तरी ही कादंबरी बैठकीत थोडी थोडी मोठ्यानं वाचावी.

तिसरं, 'बहिणाबाईंची गाणी'. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर गाणी सुचायची, ती घरच्यांनी उतरवून घेतली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली पुस्तक आलं. आपल्या खानदेशी बोलीत, आपल्याच कामाबद्दल. बोली नवी वाटली तर मोठ्यानं वाचा, लगेच कळते.

हे पुस्तक मिटल्यावर एकच विचार मनात राहिला. जेवढी गाणी कुणीतरी लिहून घेतली, तेवढीच उरली. आपल्या गटातही अंगठा लावणाऱ्या आजी आहेत. त्यांना जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी पाठ आहेत. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, सुनांना त्या ओव्या येत नाहीत. आजींचं वय तर थांबत नाही.

म्हणून एक काम सांगते. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा. एका आजींनी म्हणायचं, लिहिता येणाऱ्या एकीनं जसंच्या तसं लिहायचं. शब्द सुधारायचे नाहीत. वर आजींचं नाव आणि तारीख घालायची. शंभर पानी एक वही गटाच्या खर्चातून सहज येते.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.