सोंगाचा वारसा

(देवालयाच्या जीर्णोद्धारानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाचे काम पुरे झाले की गावाचे लक्ष उत्सवाकडे वळते. भिंत, फरशी, कळस ही कामे देणगीने आणि श्रमदानाने उभी राहतात. उत्सव मात्र माणसांच्या अंगात असावा लागतो. म्हणून आजच्या मंगल प्रसंगी बोहाड्याविषयी, आणि विशेषेकरून मुखवटा लावून नाचायला माणूस कसा शिकतो ह्याविषयी, चार शब्द ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.

बोहाडा हा जव्हार, मोखाडा आणि नाशिक जिल्ह्याच्या डोंगरी भागाचा देवीचा उत्सव होय. जव्हार-मोखाडा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर जिल्हा झाला तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आले. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा समाजांनी हा उत्सव सांभाळला. रात्री संबळ वाजू लागतो, टेंभे पेटतात आणि एकेक सोंग लोकांमधून नाचत येते. आरंभी गणपती, शारदा. मग रामायण-महाभारतातील आणि पुराणांतील देव, दैत्य, राक्षस. शेवटी देवी महिषासुराचा वध करते आणि उत्सवाची सांगता होते.

मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, पुढे कागदाच्या लगद्याचेही होऊ लागले. कागदाचे थर खळीने चिकटवायचे, वाळवायचे, वर रंग द्यायचा. मुखवटा झाला म्हणजे सोंग झाले, असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक खरे काम तिथून पुढे सुरू होते.

मुखवटा चढवला की माणसाच्या तीन गोष्टी जातात. पहिली नजर. दोन लहान भोकांतून समोरचे थोडेसे दिसते. पायाखालची जमीन आणि बाजूची माणसे दिसत नाहीत. दुसरी गोष्ट श्वास. आत उष्ण हवा कोंडते, घाम डोळ्यांत उतरतो. तिसरी गोष्ट स्वतःचा चेहरा. हसणे, रागावणे, भिणे, सगळे आत राहते; लोकांना दिसतो तो रंगवलेला एकच भाव. म्हणून जे तोंडाने आणि डोळ्यांनी करायचे, ते मानेने, खांद्यांनी आणि पावलांनी करावे लागते.

नवशिका मुलगा इथेच अडतो. तो मुखवट्याच्या आत तोंड वेडेवाकडे करतो आणि अंग मात्र ताठ ठेवतो. बाहेरच्याला काहीच पोचत नाही. जाणता माणूस त्याला सांगतो, मान हळू फिरव. मुखवटा थोडा खाली झुकला की टेंभ्याच्या उजेडात त्यावर सावली पडते आणि तोच चेहरा उग्र किंवा खिन्न दिसतो. थोडा वर उचलला की तोच उजळतो. मान भराभर हलवली तर मुखवटा नुसता हलणारा पुठ्ठा वाटतो. दुसरा नियम असा की लोकांसमोर मुखवट्याला हात लावायचा नाही. नाचता नाचता हाताने मुखवटा सावरला की देव जातो आणि शेजारचा पोऱ्या उघडा पडतो. म्हणून आत कापडाची घडी ठेवून, दोरी नीट आवळून, बसवणूक आधीच पक्की करावी लागते. तिसरे म्हणजे डोळ्यांची उणीव कानाने भरून काढायची. संबळाचा ठेका पक्का कानात बसला की पाऊल आपोआप पडते आणि जमीन न दिसताही माणूस डगमगत नाही.

ह्याला पुस्तक नाही. पोर आधी मोठ्यांच्या मागे मागे नाचते, मग मुखवट्याशिवाय पावले बसवते, मग मुखवटा लावून उजेडात आणि शेवटी रात्री टेंभ्यांत उतरते. पुष्कळ गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचे असा मान असतो. जमिनीचा फेरफार कागदावर होतो, तलाठ्याच्या दप्तरी वारसाचे नाव लागते. सोंगाचा फेरफार अंगावर होतो. बापाच्या जिवंतपणी तो झाला नाही, तर मागाहून कोठेही अर्ज करून मिळत नाही.

हे केवळ इथलेच नव्हे. पूर्व भारतात छाऊ नावाचा नाच आहे. २०१० साली युनेस्कोने त्याला मानवी वारशाच्या यादीत घेतले. सरायकेलाच्या छाऊतील मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसतो, श्वास अडतो, म्हणून एकेक नाच थोडक्यात आटोपतात. पुरुलियाचे मुखवटे मोठे, सजवलेले असतात. ते करणाऱ्या कारागिरांचे चडिदा नावाचे गावच प्रसिद्ध आहे. मयूरभंजच्या छाऊत मात्र मुखवटाच नसतो. तिन्हींत अंग कमावल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता मुद्द्याचे बोलावे. दिवाळीनंतर तरुण मंडळी पोटासाठी वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. शिकलेले नोकरीला शहरात राहतात. त्यात कोणाचा दोष नाही. पण जाणती माणसे थकत चालली आणि शिकणारे जागेवर नाहीत, तर मुखवटे राहतील आणि नाच जाईल. मग मुखवट्याला खुंटी मिळेल, शहरातल्या दिवाणखान्यात शोभेची किंमतही मिळेल. पण पाऊल मिळणार नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे जुने लोक म्हणतात. इथे उलटे झाले आहे. पैसा गोळा होऊ शकतो, सोंग आणणारा मिळत नाही.

तरी ग्रामस्थांनी तीन गोष्टी कराव्यात. नव्या सभामंडपात उत्सवापूर्वी महिनाभर रात्री तालीम ठेवावी आणि प्रत्येक जाणत्याने दोन मुले हाताशी घ्यावीत, मग ती स्वतःच्या घरची असोत वा नसोत. मुखवट्यांसाठी ओल न लागणारी पेटी करावी. आणि देणगीदारांनी, फरशीवर नाव कोरले गेले तसे, बाहेरगावच्या एखाद्या मुलाचे येण्याजाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी आपल्या शिरावर घ्यावी. ह्या देणगीचे नाव दगडावर दिसणार नाही; ते संबळ वाजू लागल्यावर दिसेल.

देऊळ पुन्हा उभे राहिले, ही मोठी गोष्ट झाली. आता देवीपुढे नाचणारे पाऊलही उभे राहावे, एवढी प्रार्थना करून हे भाषण संपते.

जय हिंद, जय महाराष्ट्र.