सशिणीची पिले कशी जगतील?

आज आपण एका लहानशा जिवाबद्दल बोलू. आपल्या शिरूर-दौंड भागात शेळ्या, कोंबड्या घरोघर आहेत. कोणी कोणी आता ससेही पाळतात. ससा थोडे खातो. जागा थोडी लागते. पण पिले झाली की घोटाळा होतो. सहा पिले जन्मतात आणि आठ दिवसांत एकही उरत नाही. मग घरची बाई कपाळाला हात लावते.

असेच एकदा आम्ही पाहिले. दौंडकडच्या एका वस्तीवर एका म्हाताऱ्या बाईंनी सशांची जोडी घेतली होती. पिले विकून नातीची वह्या-पुस्तके घ्यायची, असा त्यांचा बेत. सशीण व्याली. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "गुरुजी, ही कसली आई! दिवसभर पिलांकडं बघतसुद्धा न्हाई. कोपऱ्यात बसून घास खातीया."

आम्हालाही तेव्हा कळत नव्हते. आम्ही मोठ्या शहाणपणाने सांगितले, "पिले उपाशी आहेत. कापसाच्या वातीने गाईचे दूध पाजा." बाईंनी पाजले. पोरांनी पिले हातात घेऊन घेऊन पाजले. चार दिवसांत पाचही पिले गेली. बाई आम्हाला काही बोलल्या नाहीत. पण आमचे मन खात राहिले. नंतर आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा खरे काय ते कळले. सशीण चांगली आई होती. चूक आमची होती.

सशिणीची रीतच निराळी आहे. ती पिलांना दिवसातून बहुधा एकदाच पाजते. तेही रात्री किंवा भल्या पहाटे, आणि फक्त तीन-चार मिनिटे. आपण झोपेत असतो. आपल्याला ते दिसत नाही. तिचे दूध गाईच्या दुधापेक्षा तीन-चार पट कसदार असते. म्हणून एका वेळचे दूध पिलाला दिवसभर पुरते.

ती अशी का वागते? पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले. ते जमिनीत बीळ करून राहत. आई सारखी बिळापाशी घुटमळली, तर तिच्या वासाने कोल्हा पिलांपर्यंत पोचेल. म्हणून ती लांब राहते. तिचे लांब राहणे हीच तिची माया आहे.

मग पिले उपाशी आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे? सकाळी पिलाचे पोट बघा. पोट गोल आणि तट्ट असेल, तर आईने पाजले आहे. पोट आत गेलेले, कातडीला सुरकुत्या, आणि पिलू सारखे वळवळते आहे, तर ते उपाशी आहे. एक दिवस चुकला तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही तसेच दिसले, तर जनावरांच्या दवाखान्यात जा. तेवढ्याच दिवसांची पिले असलेली दुसरी सशीण जवळ असेल, तर तिच्या पिलांत हे पिलू ठेवता येते. बहुतेक सशिणी सांभाळून घेतात.

आता तयारी सांगतो. सशीण फळल्यापासून साधारण ३० ते ३२ दिवसांनी विते. म्हणून फळल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते. त्याचा हा उपयोग. २७व्या-२८व्या दिवशी पिंजऱ्यात एक लाकडी पेटी ठेवा. पेटी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असावी. एका बाजूची फळी थोडी कमी उंचीची ठेवा, म्हणजे आईला आत-बाहेर जाता येईल. आत मऊ, कोरडे गवत घाला. उसाचे पाचट घालू नका. त्याच्या कडा धारदार असतात. व्यायच्या आधी सशीण आपल्या पोटाचे केस उपटून पेटीत अंथरते. ते केस काढून टाकू नका. ती पिलांची गोधडी आहे.

पिले जन्मतात तेव्हा उघडी असतात. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. थंडी हा त्यांचा पहिला वैरी. पाजताना एखादे पिलू आचळाला चिकटून पेटीबाहेर पडते. मांजर आपले पिलू तोंडात धरून परत आणते. सशीण आणत नाही. ते काम आपण करायचे. म्हणून सकाळ-संध्याकाळ एकदा बघावे. गार पडलेले पिलू मेले असे समजून टाकू नका. हाताच्या उबेत धरा. पुष्कळदा ते पुन्हा हलते. अंग गरम झाले की इतर पिलांत ठेवा. मेलेले पिलू असेल तर लगेच काढा. एवढे करून बाजूला व्हा. पोरांना हात लावू देऊ नका. कुत्रे, मांजर, मुंगूस, साप, उंदीर यांपासून पिंजरा राखा. आई भ्याली, तर ती पिलांना तुडवते. कधी खातेसुद्धा.

दूध पाजणाऱ्या आईला पाणी भरपूर हवे. भांडे कधी रिकामे नको. लसूणघास, वाळके गवत आणि थोडे धान्य द्या. ओला, कुजका पाला देऊ नका. नर वेगळा ठेवा. सशीण व्याल्याबरोबर पुन्हा फळू शकते. मग तिचा जीव कसा टिकेल?

दहा-बारा दिवसांनी पिलांचे डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यात ती बाहेर येऊन घास कुरतडतात. पाच-सहा आठवडे ती आईजवळ राहू द्या.

आपल्या दौंडचे चैत्र-वैशाखातले ऊन तुम्हाला ठाऊक आहे. सशाला घाम येत नाही. उष्म्याने तो पटकन मरतो. पत्र्यावर पाचट टाका. पाचटाचा उपयोग तिथे आहे. भोवती ओले गोणपाट लावा. एप्रिल-मे महिन्यांत पिले होतील अशा बेताने मादी फळवू नका.

एक गोष्ट रानसशाची. घोडनदी आणि भीमेच्या काठी ऊस तोडताना, बाजरी काढताना रानसशाची पिले सापडतात. ती वेगळ्या जातीची. जन्मताच त्यांना केस असतात, डोळे उघडे असतात. एकटी दिसली तरी ती पोरकी नसतात. आई अंधार पडल्यावर येते. पिलू घरी आणू नका. तिथेच शेजारच्या बांधाच्या आडोशाला ठेवा आणि दूर व्हा. रानससा पकडणे, पाळणे, मारणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

त्या बाईंनी पुढे पुन्हा सशीण फळवली. या वेळी आम्ही वात आणि दूध घेऊन गेलो नाही. फक्त पेटी नेली. सात पिले झाली, पैकी सहा जगली. बाई म्हणाल्या, "गुरुजी, औंदा तुम्ही गप बसला, म्हणून जगली."

खरे आहे, मंडळी. आधी बघावे, विचारावे, मगच हात घालावा. एवढे लक्षात ठेवा, आणि शेजारणीलाही वाचून दाखवा.