श्रेणीची रेषा कोठे पडते?

(शतसांवत्सरिक व्याख्यानमालेत, बेळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शतकमहोत्सवाच्या व्यासपीठावरून शालान्त परीक्षेच्या गुणांविषयी बोलावे, हे काहींना रुक्ष वाटेल. अशा प्रसंगी संतवाङ्मयावर किंवा नाट्यपरंपरेवर व्याख्यान व्हावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु फेब्रुवारी उजाडला की ग्रंथालयांच्या अभ्यासिका कोणाच्या पायरवाने भरतात, हे ग्रंथपालांना विचारावे. कथा-कादंबऱ्यांचे वाचक त्या दिवसांत मागे सरतात आणि दहावी-बारावीची मुले टेबले अडवून बसतात. त्यांच्या आयुष्यावर जी एक अदृश्य रेषा ओढली जाणार आहे, ती कोण ओढतो, कशी ओढतो आणि ती किती खरी असते, याचा विचार ग्रंथालयात नाही करायचा, तर कोठे करायचा?

बेळगावकरांना या रेषेचे चंचल रूप वेगळे दाखवावे लागत नाही. चंदगडच्या बाजूने निघाले की थोड्याच वेळात महाराष्ट्र मंडळाची हद्द लागते. चोर्ला घाट उतरला की गोवा मंडळाची. कर्नाटकाच्या एसएसएलसी परीक्षेत उत्तीर्ण होण्याची रेषा वर्षानुवर्षे ३५ टक्क्यांची होती. महाराष्ट्रातही सर्वसाधारण मोजणी ३५ चीच. मात्र तेथे भाषांचा एक गट आणि गणित-विज्ञानाचा दुसरा गट मानून, प्रत्येक विषयात किमान २५ गुण असल्यास गटाच्या बेरजेवर तरून जाण्याची सवलत आहे. गोव्यात ३३, मध्य प्रदेशात ३३, गुजरातेत ३३, केंद्रीय मंडळातही ३३. म्हणजे बेळगावची, इंदूरची आणि बडोद्याची मराठी मुले एकच मातृभाषा बोलत असली, तरी त्यांच्या ‘पास’ या शब्दाचा अर्थ सर्वत्र एकच नव्हता.

ही ३३-३५ ची संख्या आली कोठून? याविषयी एक कथा मोठ्या चवीने सांगितली जाते. साहेबाला आपल्या मुलांसाठी ६५ गुण आवश्यक वाटत आणि हिंदी माणूस त्याच्या निम्म्या अकलेचा, म्हणून त्याला साडेबत्तीस! कथा खमंग आहे; पण ती सांगणारे कोणी कागदाचा आधार दाखवीत नाहीत, तेव्हा तिला लोककथेच्या कपाटातच ठेवलेले बरे. आकडा पवित्र नाही, एवढे मात्र सीमेवरून सीमेवर गेले तरी कळते. गोव्यातील जुन्या पिढीने पोर्तुगीज शिक्षणपद्धतीत विसांपैकी दहा गुणांची रेषा पाहिली होती. शेकड्यात मांडली तर ती पन्नासाची होते. म्हणून तेथील विद्यार्थी दीडपट हुशार होते, असे कोणी म्हणत नाही. गुण देणारा हात तेथे वेगळा होता.

श्रेणी ठरविण्याच्या मुळात दोन रीती आहेत. उंच उडीत काठी एका उंचीवर ठेवलेली असते. दहाच्या दहा मुलांनी ती ओलांडली तर दहाही यशस्वी. एकानेही ओलांडली नाही तर सगळे अपयशी. धावण्याच्या शर्यतीत तसे नसते. तेथे पहिले तीन निवडायचे असतात. ते किती सेकंदांत धावले, हा प्रश्न गौण. एसएसएलसीची श्रेणी ही उंच उडी आहे. ९० च्या वर ‘ए प्लस’, ८० च्या वर ‘ए’, आणि असेच खाली उत्तीर्णतेच्या रेषेपर्यंत. केंद्रीय मंडळाची श्रेणी मात्र शर्यतीची आहे, आणि ही गोष्ट त्या मंडळात मुले पाठविणाऱ्या कित्येक पालकांनाही ठाऊक नसते. तेथे प्रत्येक विषयात उत्तीर्ण झालेल्यांची गुणानुक्रमे रांग लावून तिचे आठ समान भाग करतात. पहिला अष्टमांश ‘ए-१’, दुसरा ‘ए-२’, आणि शेवटचा ‘डी-२’. रेषेवर समान गुणांची मुले आली तर थोडे इकडेतिकडे करून त्यांना एकत्र ठेवतात. ज्या विषयात सर्वांनाच भरघोस गुण पडतात तेथे नव्वदीत असूनही ‘ए-१’ हुकते, आणि जेथे प्रश्नपत्रिकेने सर्वांना रडविले तेथे त्याहून कितीतरी कमी गुणांत ती मिळते. दोन विषयांच्या श्रेणी शेजारी ठेवून ‘यात हुशार, त्यात कच्चा’ असे घरात जे निदान होते, ते बहुधा या अज्ञानातून.

शर्यतीची रीत इंग्लंडने फार आधी चालवून पाहिली. तेथील ‘ए लेव्हल’ परीक्षा १९५१ मध्ये सुरू झाली आणि १९६३ मध्ये तिला अक्षरश्रेणी आल्या. कोणाला किती, याचे मार्गदर्शक प्रमाणही ठरले. वरच्या १० टक्क्यांना ‘ए’, पुढच्या १५ टक्क्यांना ‘बी’, पुढच्या १० ना ‘सी’, नंतर १५ ना ‘डी’ आणि २० टक्क्यांना ‘ई’. यातील ‘सी’कडे पाहण्यासारखे आहे. परीक्षार्थींची गर्दी नेहमी मधल्या गुणांत असते. त्या गर्दीलगत फक्त १० टक्क्यांचा पट्टा आखला, की तो गुणांच्या हिशेबात अगदी चिंचोळा होतो. परीक्षकाच्या हाताने चार-सहा गुण इकडचे तिकडे झाले, तर मुलगा ‘बी’वरून थेट ‘डी’वर घसरू शकतो. शिवाय अध्यापन कितीही सुधारले, तरी वरच्या श्रेणीतील मुलांचे प्रमाण वाढण्याची सोयच नव्हती. १९८७ पासून ही रीत बदलली. ‘बी’ आणि ‘ई’ या रेषा परीक्षकांनी उत्तरपत्रिका वाचून, कामाचा दर्जा पाहून ठरवावयाच्या आणि मधल्या रेषा अंकगणिताने पाडावयाच्या, असे ठरले.

तेव्हापासून तेथे परीक्षा झाल्यावर रेषा ठरते. पेपर अवघड निघाला तर ती खाली येते, सोपा निघाला तर वर जाते. २०१७ मध्ये सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला ९ ते १ अशा आकडी श्रेणी लागू झाल्या. त्या वर्षी एका मंडळाच्या गणिताच्या उच्च स्तरावर ४ ही श्रेणी, म्हणजे पूर्वीच्या ‘सी’चा उंबरठा, सुमारे १८ टक्के गुणांवर आली. आपल्याकडील पालकाला हे ऐकून घेरी येईल. अठराला पास? परंतु तो पेपर हेतुतः कठीण काढलेला होता; त्यातील अठरा हे सोप्या पेपरातील साठाच्या तोलाचेही असू शकतात. टक्केवारीचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही, याचे इतके ढळढळीत उदाहरण क्वचित मिळेल.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे रेषा जाहीर असते, वर्षानुवर्षे स्थिर असते, आणि म्हणून ती न्याय्य वाटते. पण प्रश्नपत्रिका दरवर्षी सारखी कठीण कशी निघेल? एखाद्या वर्षी गणिताने दगा दिला, तर मंडळाने काय करावे? रेषा हलविता येत नाही, मग गुण हलतात. इंग्लंडात गुण जागेवर ठेवून रेषा सरकवितात. आपण रेषा जागेवर ठेवून गुण सरकवितो. त्याला कधी नियमन म्हणतात, कधी सवलतीचे गुण. तेथे सरकलेली रेषा निकालाच्या दिवशी छापून प्रसिद्ध होते. आपल्याकडे सरकलेले गुण मुलाच्या गुणपत्रिकेत मुरून जातात आणि त्याला ते स्वतःचेच वाटतात.

एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंडळ आणि अनेक राज्य मंडळे एकत्र बसली आणि गुण फुगविणारे हे नियमन थांबवावे असे ठरले. पण परीक्षा तर होऊन गेल्या होत्या! मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, खेळ संपत आल्यावर नियम बदलता येणार नाहीत, त्या वर्षापुरते जुनेच चालू ठेवा. न्यायालयाने नेमके बोट ठेवले ते वेळेवर. नियमन चांगले की वाईट, हा वाद निराळा. मुलाला ते आधी कळले पाहिजे, हा मुद्दा वादातीत आहे.

कर्नाटकातील २०२४ चा अनुभव तर या परिसरातल्या घराघरांत ताजा आहे. परीक्षा केंद्रांवर कॅमेरे बसले, नकलेला आळा बसला आणि निकाल कोसळला. तेव्हा सवलतीच्या गुणांसाठी लागणारी पात्रता ३५ टक्क्यांवरून २५ वर आणली गेली आणि सवलतही वाढविली गेली. तरीही राज्याचा निकाल ७३.४० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८३.८९ होता. सवलत दिली नसती तर हजारो मुले शिक्षणाबाहेर फेकली गेली असती, हे खरे. पण आदल्या वर्षीचा ‘पास’ आणि त्या वर्षीचा ‘पास’ हे दोन भिन्न पदार्थ आहेत, हे गुणपत्रिकेवर कोठेही लिहिलेले नाही. अकरावीच्या प्रवेशासाठी किंवा नोकरीच्या अर्जावर ही दोन वर्षांची मुले पुढे एकाच रांगेत उभी राहतील, तेव्हा त्यांची तुलना कोणत्या मापाने करणार?

मापे भिन्न असली की रांगेत भांडण होतेच. महाराष्ट्राने ते सलग तीन वर्षे पाहिले. राज्य मंडळाची मुले आणि इतर मंडळांची मुले यांच्या गुणांचा मेळ घालण्यासाठी २००८ मध्ये ‘पर्सेंटाइल’चे सूत्र आले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा राखल्या, तेही टिकले नाही. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’, म्हणजे उत्तम पाच विषयांची बेरीज, ही तोड निघाली. ती उच्च न्यायालयाने फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. तोवर अकरावीचे वर्ग सुरू होण्याचे दिवस लोटले होते. मोठ्यांच्या हिशेबाची किंमत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी वाट पाहून चुकती केली.

गुण नकोत, श्रेणी पुरे, असाही प्रयोग झाला. केंद्रीय मंडळाने २०१० पासून दहावीच्या गुणपत्रिकेवरून गुण काढून टाकले आणि ९१ ते १०० मधील सर्वांना एकच ‘ए-१’ दिली. हेतू उदात्त होता. एका गुणासाठी जीव टाकणे थांबावे. पण महाविद्यालयांना टक्के हवेच होते. मग श्रेणीबिंदूंच्या सरासरीला साडेनऊने गुणा, म्हणजे टक्के मिळतील, असे सूत्र आले. दहा बिंदू मिळविणारा प्रत्येक जण ९५ टक्क्यांचा झाला. ज्याला खरोखर ९९ मिळाले असते तोही, आणि जो ९१ वर थांबला असता तोही. पुढच्या दारातून घालविलेली टक्केवारी मागच्या दारातून परत आली, आणि २०१८ मध्ये सर्वांसाठी मंडळाची परीक्षा व गुण दोन्ही परतले.

आणखी एक बाजू सांगितली पाहिजे, आणि ती भाषेच्या शिक्षकांना अधिक जाणवते. गणिताचे उत्तर बरोबर असते किंवा चूक. निबंधाचे तसे नाही. एकच मराठी निबंध दोन प्रामाणिक परीक्षकांनी वाचला, तर एक सहा गुण देईल, दुसरा आठ. दोघेही चुकले नाहीत. नमुना उत्तरे असतात, नियामक असतात, मुख्य नियामक काही गठ्ठे पुन्हा पाहतात. तरीही वाचणाऱ्याची रुची, दिवसाची शंभरावी उत्तरपत्रिका आणि दिव्याचा उजेड यांचा हिशेब कोणत्याही परिपत्रकात बसत नाही. सहा विषयांच्या बेरजेत हे कमीअधिक पुष्कळसे एकमेकांना छेदून जाते. एका विषयाच्या श्रेणीत मात्र ते जात नाही. मुलगा ८९ वर थांबला आणि ‘ए प्लस’ हुकली, तर त्या एका गुणाएवढा सूक्ष्म तराजू मुळात अस्तित्वात होता काय, हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे. उत्तरपत्रिकेची छायाप्रत, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन या सोयी त्यासाठीच आहेत; त्यांची मुदत मात्र थोडी असते आणि ती निकालाच्या आनंदात किंवा दुःखात निघून जाते.

परीक्षाच झाली नाही तर? २०२० मध्ये साथीमुळे इंग्लंडात हेच झाले. शिक्षकांनी अंदाजी श्रेणी द्याव्यात आणि संगणकाने शाळेच्या आधीच्या वर्षांचे निकाल पाहून त्या दुरुस्त कराव्यात, असे ठरले. १३ ऑगस्टला निकाल लागला. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के उतरविल्या गेल्या होत्या. ज्या शाळेचा इतिहास सामान्य, तेथील हुशार मुलाला तो इतिहास भोवला. जेथे वर्गात मुले मोजकीच, अशा शाळांत शिक्षकांचा अंदाज तसाच राहिला. मुले रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, तो निकाल मागे घेण्यात आला. रांगेत कोण कितवा, हे शिक्षकांनी सांगितले होते. रेषा कोठे पडेल, हे त्या मुलांनी नव्हे, तर त्यांच्या आधी शाळा सोडून गेलेल्यांनी ठरविले होते.

कर्नाटकात २०२४ मध्ये एसएसएलसीची परीक्षा वर्षातून तीनदा देण्याची सोय झाली, आणि तिन्हींपैकी विषयवार उत्तम गुण धरले गेले. मार्चमध्ये एका विषयात रेषेच्या अलीकडे राहिलेल्या मुलाला वर्षभर थांबावे लागत नाही. त्यामुळे अभ्यासिकेची टेबले एप्रिलमध्ये पूर्वीसारखी मोकळी होत नाहीत. निकालानंतरही काही मुले वह्या घेऊन परत येतात आणि खिडकीजवळची जागा धरून बसतात.